बाबांची तीन टेकड्यांची फेरी

तिने होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका खुर्चीवर खेकसत होते. असे, की आसपासच्या चार गल्ल्यांतली कुत्री शेपूट घालून पाचव्या गल्लीत पळाली होती. त्यांच्या खुर्च्या-गाद्या दुरुस्तीच्या दुकानभर काथ्याचा आणि सरसाचा वास, गादी उसवलेली खुर्ची टेबलावर उताणी, आणि ओठांत धरलेल्या बारीक खिळ्यांमधून प्रश्न : "कोण बसलं होतं गं तुझ्यावर? हत्तीण?"

मग तेच तोंड तिच्याकडे वळलं. "बसा."

बसायची तिची छाती झाली नाही.

लग्नानंतर कळलं, की बाबांचा राग रविवारी टेकड्यांवर चरायला जातो. तीन बुटक्या टेकड्या, गोल फेरी, निघाले तिथेच परत. घरी आले की मुलाच्या नावानं शंख. त्याने शिक्षण मध्येच सोडलं होतं. "अर्धवट्या! मी कधी फेरी अर्ध्यावर सोडली?" नवरा मान खाली घालून जेवायचा आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. आधीच्या रविवारी ते निघालेच, तेव्हा सासूबाईंनी तिला मागे पिटाळलं.

पहिल्या टेकडीवर टाळकं तापवणारं ऊन. उतरेपर्यंत गारा. बाबांनी आभाळावर काठी उगारली. "एकदा काय ते ठरव, मेल्या!" दुसऱ्या टेकडीच्या माथ्यावर धुकं उतरलं, आणि तिथे वाटेला दोन फाटे फुटले.

"बाबा, कुठून?"

बाबांची काठी एका फाट्याकडे वळली, मग दुसऱ्याकडे. हे तिने आजवर पाहिलं नव्हतं.

"डावीकडून... असेल."

"असेल? इतकी वर्षं गोल फेरी मारताय ना?"

"कसली फेरी!" बाबा फुटलेच. "दरवेळी इथवर येतो आणि हे आभाळ छाताडावर बसतं! फिरतो मागे. घरी काय सांगू? घाबरलो म्हणून?"

"आणि त्याला अर्धवट्या म्हणता? दर रविवारी? ताटावर?" ती इतकी ओरडली, की बाबा एक पाऊल मागे सरले. "चला. आज पुरी करायची. आणि घरी गेल्यावर त्याला सगळं खरं सांगायचं, तुमच्या तोंडाने."

"सांगेन! भितो काय कुणाच्या बापाला?"

डावीकडची वाट बरोबर निघाली. चढावर गुडघा टम्म फुगला. बाबा तिच्या खांद्यावर भार टाकून दगडांना, ढगांना आणि डॉक्टरला शिव्या घालत तिसऱ्या टेकडीवर पोचले. वर पाण्याची सिमेंटची टाकी होती. ती बघून ते आणखीनच भडकले, "एवढ्यासाठी?" अंधार पडायच्या आत दोघं खाली आली. फेरी पुरी झाली.

घरी मुलाने दार उघडलं. "इतका उशीर, बाबा?"

"तुझी बायको दमली वाटेत," बाबा म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

ऑपरेशननंतर ते टेकडीवर गेले नाहीत. मुलाला अजून अर्धवट्याच म्हणतात.