चौकातलं दूध

भिलाईबाहेर, उतईच्या रस्त्यावरच्या वस्तीत मनकर्णाबाईच्या दुधाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. नवरा शेषराव स्टील प्लांटमधून रिटायर झाला, भंडाऱ्याकडचं शेत केव्हाच सुटलं, पण गाय काही तिच्या हातून सुटली नाही. आणि राग धरला की धरला. माहेरच्या एका चुलतभावाशी ती लग्नापासून बोललेली नव्हती, का ते आता दोघांनाही आठवत नसेल.

मे महिन्यात चौकातल्या दूध संकलन केंद्रावरच्या गुलाबरावानं तिच्या दुधाची फॅट मशीनवर पाहिली, ती कमी लागली म्हणून सगळ्यांसमोर कॅन नालीत उपडा केला. "बाई, गायीपेक्षा तुमचा नळच जास्त दूध देऊन राहिला," तो म्हणाला. लोक हसले. तिच्या अंगाची लाहीलाही झाली.

"उद्या माही गाय इथंच आनतो. तुमच्या डोळ्यांसमोर दोहतो," ती म्हणाली.

आणलीही. इथंच बाईची अक्कल रागानं खाल्ली. चौकात ऊन, ट्रकचे हॉर्न, भोवती माणसांचं कडं. गाय थरथरत उभी राहिली. चार धारा आल्या, त्याही पातळ, मग आटल्याच. मशीननं आदल्या दिवसापेक्षाही कमी फॅट दाखवली. नाव धुवायला गेलेली मनकर्णाबाई तोंड काळं करून परतली.

सून वंदनानं दुर्गच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, उन्हाळ्यात गाय चारा कमी खाते, फॅट उतरतेच. त्यात घाबरली की पान्हा चोरते. खरी साय शेवटच्या धारांत असते, ती कासेतच राहून जाते.

"आई, डॉक्टरले केंद्रावर बोलावू. सगळ्यायले समजन," वंदना म्हणाली.

"थांब थोडी," मनकर्णाबाई म्हणाली. तिच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं.

गुलाबरावाच्या घरीही एक गाय होती आणि तिच्या सायीचं कौतुक तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. रविवारी केंद्रावर गर्दी जमली तशी मनकर्णाबाई म्हणाली, "माही झाली. आता गुलाबरावची बी इथंच दोहून पाहू." लोकांना तमाशा हवाच होता. गुलाबरावानं मिशीला पीळ देत गाय आणली. मनकर्णाबाई शेजारणीचं भुंकरं कुत्रं घेऊन अगदी पुढे उभी राहिली.

कुत्रं भुंकलं, गाय बिथरली, धार तुटली. जे दूध निघालं त्याची फॅट मनकर्णाबाईच्या दुधाहूनही खाली लागली. "अरे, नळ तर गुलाबरावच्या घरीबी आहे," कोणीतरी म्हणालं आणि सगळा चौक हसला.

गुलाबरावाचा चेहरा उतरला. तो तिच्याकडे वळला. "मनकर्णाबाई, गाय भेली आहे. तुमाले गायीतलं समजते. सांगा ना यायले, म्या पानी नाई टाकलं."

वंदनानं सासूचा पदर ओढला. एका वाक्यात त्याचं नाव धुऊन निघालं असतं आणि हिचंही. मनकर्णाबाईला ते कळत होतं. तिनं गुलाबरावाकडे डोळे भरून पाहून घेतलं.

"मले काय मालूम," ती म्हणाली. "टाकलं असन पानी."

तेव्हापासून वस्तीत दोघांच्याही दुधाला पाणचट म्हणतात. वंदना अजून धुसफुसते. मनकर्णाबाईचं काही म्हणणं नाही. एकटीचं नाव खराब होतं तेव्हा तिला झोप लागत नव्हती, आता लागते.