नानांचं ऊन आणि आजीची विहीर

बिबवेवाडीतल्या त्या चार मजली सोसायटीत भीमराव ओव्हाळांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागं फायर ब्रिगेड. म्हणणारच. छत्तीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काढलेला माणूस. लोकांच्या बाल्कनीत गुलाब, तर ह्यांच्या बाल्कनीत वाळूनं भरलेल्या दोन लाल बादल्या. आणि नाक तर असं की विचारू नका. एकदा खालच्या मजल्यावरच्या केयूरच्या गॅसची नळी गळत होती. घरात बसलेल्या केयूरला पत्ता नाही, आणि हे भाजीची पिशवी घेऊन जिन्यातून थेट त्याच्या दारात.

"कुठलंही बटण दाबू नका. आधी खिडक्या उघडा."

"काका, मला तर काहीच स्मेल येत नाहीये."

"तुमचं नाक अजून प्रोबेशनवर आहे," भीमराव म्हणाले आणि आत जाऊन सिलिंडर स्वतःच बंद करून आले.

निवृत्तीच्या दिवशी हार घालताना साहेब म्हणाले होते, ओव्हाळांच्या हातून छत्तीस वर्षांत एक ठिणगी उडाली नाही. त्याला आता चौदा वर्षं झाली, पण ते वाक्य भीमरावांनी अत्तराच्या फायासारखं कानात घालून ठेवलं होतं. त्याच वाक्यानं पुढं त्यांचा घात केला. पण ते क्रमानं येऊ द्या.

त्यांच्या माळ्यावर एक पत्र्याचा गोल डबा होता. पोळ्यांच्या डब्याएवढा, झाकणाभोवती मेणकापड, वरून सुतळी. घरात त्याला 'आजीची विहीर' म्हणत. आज्यानं बजावलं होतं, उघडायचा नाही. वडिलांनी उघडला नाही, भीमरावांनीही नाही. त्या डब्यात त्यांची आजी होती, गिरजाआजी. एकतीस साली ती तापानं गेली. तिचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या भीमरावांना आपल्या आजीचं तोंड माहीत नव्हतं, आणि ते ह्या जगात एकाच ठिकाणी होतं, माळ्यावरच्या त्या डब्यात.

आता आजी आणि विहीर दोघी डब्यात कशा मावल्या, हे कळायला नानांकडं जावं लागतं.

नारायण सदाशिव भडभडे, सगळ्यांचे नाना, हे बुधवार पेठेतले घड्याळजी. कुणा फिरत्या पाहुण्यानं मोडका कॅमेरा दुरुस्तीला टाकला आणि तो न्यायला परत आलाच नाही. नानांनी त्यात शिवणयंत्राची चाकं आणि भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग घालून तो चालता केला, आणि घड्याळं राहिली बाजूला. आठ वर्षांत सात मुके चित्रपट काढले माणसानं. कुणी काय करायचं ते सांगणारे तेच, हँडल फिरवणारे तेच, हौदात फीत धुणारेही तेच. सोयऱ्यांनी पंगतीला बोलावणं सोडलं, घरचे चारचौघांत नाव घेईनात. सिनेमात उभी राहायला बाई मिळेना, तेव्हा तालमीतल्या गोऱ्यागोमट्या पोराची मिशी भादरून त्याला लुगडं नेसवायचं. दिवे नव्हतेच, सगळं काम उन्हावर. ऊन कलायला लागलं की नाना देव कोपल्यासारखे आभाळाकडं बघत आणि सगळ्यांवर खेकसत.

त्यांच्या कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर वाहायचा त्यांच्याच गावचा सखाराम ओव्हाळ. हाच भीमरावांचा आजा.

अठ्ठावीस साली नानांनी आपल्या मूळ गावी, मुळशीच्या अंगाला, विहिरीचा प्रसंग घ्यायचं ठरवलं. नायिका पाणी शेंदते, एवढाच प्रसंग. पण तालमीतला पोरगा लुगड्यात अडखळे. पोहरा दोनदा विहिरीत गेला, दोन घागरी फुटल्या. तिसऱ्यांदा तो दोरासकट कठड्यावर आपटला, तेव्हा बघायला जमलेल्या बाया पदर तोंडात धरून हसल्या आणि जेवायला पांगल्या. ऊन कलायला लागलं होतं. नानांनी चहूकडं पाहिलं. दूर बाभळीखाली गिरजा उभी होती, नवऱ्याची भाकरी घेऊन आलेली, कडेवर तीन वर्षांचं पोर.

"गिरजे, इकडं ये. दोर धर."

"नाना, ती इहीर आमाला न्हाई."

"विहीर उद्याही इथंच असेल. ऊन नसेल. धर म्हणतो ना."

गिरजानं पोर सखारामच्या हातात दिलं आणि जिथं तिच्या सावलीलाही बंदी होती, त्या विहिरीवर ती गेली. पाणी शेंदलं, घागर भरली. एवढंच सांगितलं होतं. पण मग तिनं पोहरा पुन्हा सोडला, वर ओढला, ओंजळ केली आणि पाणी प्याली. सावकाश, पोटभर. नाना थांबले नाहीत. हँडल फिरत राहिलं.

चित्रपट तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी गावच्या कुणीतरी तिला ओळखलं. पडदा फाडला, नानांच्या दुकानाची काच फोडली. गावानं विहिरीची शुद्धी केली आणि नानांना गाव बंद झालं. नानांनी त्या दिवसाचं सबंध रीळ डब्यात घातलं आणि सखारामकडं दिलं. म्हणाले, "सख्या, माझ्या घरी हे टिकणार नाही. तुझ्याकडं ठेव."

पुढं बोलपट आले. नानांचा कॅमेरा मुकाच राहिला. ते परत घड्याळाच्या काचेत डोळा घालून बसले आणि तसेच गेले. मागं उरलेले सहा चित्रपट घरच्यांनी बांगडीवाल्याला देऊन टाकले. तेव्हा त्या फितींच्या बांगड्या करत. पुण्यातल्या कुठल्या बाईच्या मनगटावर नानांचा कुठला राजा गेला, देव जाणे.

सखाराम सत्तर सालापर्यंत जगला. छप्पन्नात त्यानं धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, पण डबा ठेवला. भीमरावांचे वडील चिडून म्हणत, "भडभड्यांनी काय आपल्यासाठी केलं? उन्हासाठी केलं." त्यावर म्हाताऱ्याचं उत्तर ठरलेलं. "व्हय, उन्हासाठीच केलं. पर तिनं पाणी तहानेसाठी न्हाई प्यालं. ते डब्यात हाय."

आता ह्या मे महिन्यात झालं काय, की भीमरावांची नात निकिता हिच्या कॉलेजात मैत्री नावाच्या बाई बोलायला आल्या. जुन्या चित्रपटांच्या फिती जतन करायचं त्यांचं काम. त्या म्हणाल्या, नाना भडभड्यांचा एक फूटसुद्धा आज उरलेला नाही, वर्तमानपत्रातल्या दोन ओळी तेवढ्या आहेत. निकितानं हात वर केला. "मॅम, आमच्या माळ्यावर आहे."

मैत्रीला त्याच दिवशी परगावी जायचं होतं. तिनं निकिताला बजावलं, गुरुवारी मी स्वतः येते, तोवर कुणी हात लावायचा नाही. सोमवारी सकाळी चहा पिता पिता निकितानं निरोप दिला. "आजोबा, डोंट टच हां. मॅम म्हणाल्या, तसली फिल्म पेट घेते. नायट्रेट की काय असतं."

भीमरावांची बशी हातातच राहिली. "सेल्युलोजचं नायट्रेट?"

"असेल. मी क्लासला पळतेय."

ती गेली. भीमराव माळ्याकडं बघत बसले. दारूगोळ्याच्या ज्या मालाजवळ छत्तीस वर्षं जीव मुठीत धरून वावरले, त्याचाच सख्खा भाऊ जन्मापासून त्यांच्या घरात झोपला होता. खाली गॅसची शेगडी, वर पत्र्यासारखा तापलेला स्लॅब, बाहेर चाळीस अंश. सोसायटीत चोवीस घरं. त्यांनी शालनला, बायकोला, शेगडी बंद करायला लावली.

"अहो, वरण अर्धं शिजलंय."

"अर्धंच खाऊ."

त्यांनी डबा उतरवला. सुतळी कापून झाकण सैल केलं आणि नाकानं निकाल दिला. आंबट, घसा धरणारा वास. कडेला तपकिरी भुकटी. कारखान्यात पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलेला धडा होता, कोरडं ते जागं, ओलं ते झोपलेलं. तो माल नेहमी पाण्यात ठेवायचा. मैत्रीला फोन करावा असं त्यांच्या मनात आलंही. पण आगीशी विचारविनिमय करत नाहीत. त्यांनी न्हाणीघरातली निळी बादली काठोकाठ भरली, रीळ दोन्ही हातांनी अलगद आत सोडलं आणि वर ताट झाकलं.

त्या दिवशी त्यांना दुपारी अशी झोप लागली, जशी कित्येक वर्षांत लागली नव्हती.

तीन दिवस शालन कुरकुरत राहिली. "आंघोळ कुठं करायची माणसानं? तुमच्या आजीला म्हणावं, जरा सरकून बसा."

"तिनं लोकांसाठी आयुष्यभर सरकून घेतलं. तीन दिवस तू सरक," भीमराव म्हणाले. खुशीत होते.

गुरुवारी मैत्री आली. पाठीवर पिशवी, हातात जाड खोकं. भीमरावांनी तिला आधी पाणी दिलं, मग न्हाणीघराकडं नेलं आणि जादूगारासारखं ताट उचललं. "एकदम सेफ. काही काळजी करायचं कारण नाही."

मैत्रीनं हातातलं खोकं बाजूला ठेवलं. उंबऱ्यावर खाली बसली. बादलीतलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं करडं झालं होतं. तिनं बाही सारून दोन बोटांनी फितीचं बाहेरचं टोक उचललं, तर फीत काचेसारखी पारदर्शक वर आली आणि तिच्यावरचं काहीतरी, दुधावरच्या सायीसारखं, घसरून परत पाण्यात गेलं.

"काय ते?" भीमरावांनी विचारलं.

"चित्र," मैत्री म्हणाली. मग तिला वाटलं असावं की एवढ्यावर सोडता येणार नाही. "काका, चित्र फितीत नसतं. फितीवर सरसाचा पातळ थर असतो, त्यात असतं. नवा असताना पाणी सोसतो, इतका जुना झाला की विरघळतो."

"पण पाण्यात घातली नसती तर..."

"पेटली असती, असंही नाही. थंड जागी नुसती उघडून ठेवली असती तर चाललं असतं." तिनं फितीचं टोक अलगद पाण्यात सोडलं. "तुम्ही चूक नाही केलीत. म्हणजे, तुमच्या कामात हे बरोबरच असेल."

भीमरावांना शिवी चालली असती. हे चाललं नाही. ते भिंतीला धरून बादलीत बघत राहिले. ज्या बाईनं आयुष्यात एकदा हक्काचं पाणी प्यालं, तिला नातवानं बादलीत बुडवली, आणि वर ताट झाकून तो झोपला.

मैत्री म्हणाली, आता वाळू द्यायचं नाही, वाळलं तर वळसे चिकटतील. आहे तसंच पाण्यात न्यायचं. मग भर दुपारी रिक्षात मध्ये बादली, एका बाजूला मैत्री, दुसऱ्या बाजूला भीमराव. दोन्ही हातांनी त्यांनी कडी अशी धरली होती की सिग्नलला रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "काका, मासे का?" भीमरावांनी कडी आणखी घट्ट धरली. त्यांना उत्तर सुचलं नाही, ही शालनला नंतर कळलेली सगळ्यात काळजीची गोष्ट.

पाच आठवडे त्यांनी कुणाच्या गॅसचा वास घेतला नाही. केयूरनं एकदा मुद्दाम विचारलं, काका, सगळं ठीक ना? तर म्हणाले, "बघा तुमचं तुम्ही. माझ्या नाकाला आता विचारत जाऊ नका."

जुलैत मैत्रीचं बोलावणं आलं. छोटीशी खोली, आठ खुर्च्या. भीमराव, शालन, निकिता, आणि पहिल्या खुर्चीत काठी टेकून बसलेल्या कुसुमताई, नानांची नात, वय ब्याऐंशी. मैत्रीनं ओळख करून दिली. पाण्यात घालणारे ते हेच, हे तिनं सांगितलं नाही, म्हणून भीमरावांनीच सांगितलं. उभं राहून, साहेबापुढं कबुली द्यावी तसं.

कुसुमताईंनी चष्म्यावरून त्यांना वरखाली पाहिलं. "आमच्या घरच्यांनी सहांच्या बांगड्या केल्या. तुम्ही सातव्याला आंघोळ घातलीत. फिटंफाट. बसा आता, उभ्यानं दिसायचं नाही."

मैत्रीनं आधीच सांगून टाकलं. रीळ घट्ट गुंडाळलेलं, म्हणून पाणी गाभ्यापर्यंत पोचलं नव्हतं. दिवसाची सुरुवात आत होती आणि शेवट बाहेर. आतले चाळीस सेकंद वाचले.

पडद्यावर ऊन पडलं. नानांचं ऊन, सत्त्याण्णव वर्षांपूर्वीचं. लुगडं नेसलेला दणकट पोरगा पोहरा सोडतो, दोर हातून सुटतो, घागर फुटते. पुन्हा फुटते. पोरगा कठड्यावर आपटतो. निकिता हसली, कुसुमताईही हसल्या. शालननं भीमरावांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग डावीकडून एक बाई आली. सडसडीत, पाठमोरी, पायात काही नाही. विहिरीपाशी गेली. दोर हातात घेतला. आणि थांबून तिनं मागं वळून पाहिलं, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, जिथं सखाराम पोर घेऊन उभा असणार तिथं. कपाळ रुंद, भुवया जुळलेल्या. 'ओढू?' असं विचारणारी नजर. तेवढ्यात कडेनं पांढरे डाग आले, तोंडावरून ओघळले, आणि पडदा कोरा झाला.

"आई गं," शालन हळूच म्हणाली, "निकिताच्या भुवया."

मैत्रीनं ते तीनदा दाखवलं. तिन्ही वेळा ती वळली, तिन्ही वेळा तिनं विचारलं, तिन्ही वेळा पांढरं झालं. चौथ्यांदा भीमरावांनी नको म्हटलं.

"पुढं ती प्याली," ते म्हणाले. "पाणी. ओंजळीनं."

"मला माहितीये, काका. निकितानं सांगितलंय."

"तुम्हाला माहिती असून काय उपयोग? उद्या कुणी म्हणेल, दोर धरला आणि भिऊन परत गेली. इथपर्यंतच दिसतंय ना?"

कुसुमताईंनी काठी फरशीवर एकदा आपटली, नुसतीच.

मैत्रीनं ध्वनिमुद्रणाचं यंत्र टेबलावर ठेवलं. म्हणाली, आज्यानं जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगा, ह्या फितीबरोबर कायमचं राहील. भीमरावांनी घसा खाकरला. बाभूळ, भाकरी, कडेवरचं पोर, नानांचं ऊन, घागर, पुन्हा सोडलेला पोहरा, ओंजळ, सगळं सांगितलं. आज्यानं सांगितलं होतं त्याहून एक शब्द जास्त नाही. मैत्री यंत्र बंद करायला गेली, तर त्यांनी तिचा हात अडवला.

"थांबा. अजून आहे. हे रीळ सत्त्याण्णव वर्षं तीन पिढ्यांनी जपलं. मी, भीमराव ओव्हाळ, मी ते सोमवारी सकाळी पाण्यात घातलं. आजी प्याली ते त्या पाण्यात गेलं." त्यांनी कोऱ्या पडद्याकडं बोट केलं. "ती परत गेली नव्हती. शेवट मी पुसला. हे दोन्ही एकाच ठिकाणी ठेवा."

यंत्राचा लाल दिवा जळत होता. भीमराव तो विझेपर्यंत त्याच्याकडं बघत राहिले.