‘काहून’चा कानून

धाकट्या बहिणीला मी मोबाईलवर लिहिलं, ‘काहून आली न्हाईस?’ फोननं परस्पर त्याचं ‘कानून आली न्हाईस?’ करून टाकलं. तिचा उलट निरोप आला, ‘कोणता कानून मोडला म्या?’

माझी नात आणि कुठकुठली मंडळी मिळून मराठी शुद्धलेखनाचा एक कोश चालवतात. फुकट आणि उघडा. कुणीही वापरावा, कुणीही भर घालावी. माझ्या फोनचा कळफलक त्यावरच चालतो. मी नातीला म्हटलं, “एवढा शब्द घालून टाक गं.”

“तूच पाठव, आजी. नातीच्या वशिल्यानं शब्द आत जात न्हाई.”

पाठवला. कोशाचे शब्द तपासणाऱ्या नाशिकच्या एका अनोळखी बाईनं परत धाडला : अर्थ लिहा, वापर दाखवा. मी लिहिलं, ‘काहून म्हणजे का. काहून तकलीफ देऊन राहिली?’

तेवढ्यात एका मोबाईल कंपनीनं कोशासाठी शब्दांची रासच पाठवली. कामाला आपली माणसंही देऊ केली. अट एकच : बोलीतले शब्द काढा, गिऱ्हाइकांना ते चुका वाटतात. म्हणजे माझा ‘काहून’ आत जायच्या आधीच बाहेर!

नातीच्या जागी तरुणपणची मी असते तर निकाल कंपनीच्या बाजूनं लागलाच होता. नवी सून म्हणून शिरड शहापूरला आले तेव्हा गावजेवणाच्या भंडाऱ्याला साखरेचं पोतं देणाऱ्या घरची बाई दिसली की मी सतरंजी झटकून तिला बसवायची, वर पदरानं वारा घालायची. वाटीभर पीठ आणणारीला नुसतं ‘ठेवा तिकडं’. माणूस पोत्यानं मापणारी बया होते मी!

नातीनं सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहिलं. शब्द आनंदानं घेऊ, पण थोडेथोडे पाठवा. सगळ्यांचे तपासतो तसेच तुमचेही तपासू. तुमची माणसं येऊ द्या, मान कामावरून मिळेल. बोलीतले शब्द तुमच्या फोनात लपवायचे तर लपवा; कोशातून काढणार न्हाई, ते बोलणारी माणसं हयात आहेत.

“अन् कंपनी निघून गेली म्हंजे?” मी विचारलं.

“गेली तर गेली. कोश कुठं जातोय?”

कंपनी गेली नाही. तिचे शब्द येऊ लागले, चुकलेले परत जाऊ लागले. ‘काहून’ही कोशात बसला.

मग मला जोर चढला. मी आणखी एक शब्द धाडला. तो परत आला. खाली नातीचाच शेरा, साऱ्या जगाला दिसेल असा : ‘हा शब्द आमच्या आजीशिवाय कुणीही वापरत नाही.’

कारटी! पण बराबर होतं तिचं.