जपाखालचा दुसरा आवाज

देव समजून मी भलत्याच गोष्टीला हात जोडत होते. तेही दोन महिने, रोज सकाळी. ज्याने ती चूक माझ्या पदरात घातली त्याचे आभार मानायचे आहेत आणि नेमके कोणाचे मानायचे हे कळत नाही, म्हणून लिहिते आहे. जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. झिजलेलं, तडकलेलं, मापात न बसणारं बाजूला काढायचं हे माझं वीस वर्षांचं काम. त्यामुळे हे सांगताना मला इतरांपेक्षा जास्त लाज वाटते.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, भुसावळला रेल्वेत होते. गाडी स्टेशनात थांबली की हातोडी घेऊन डब्यांच्या कडेने चालायचं, प्रत्येक चाकावर ठोका मारायचा आणि ऐकायचं, हे त्यांचं काम. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. ठोका एकच. शंका आली तरच दुसरा. अण्णांनी दुसरा ठोका मारला की ती गाडी जागची हलत नसे. चाक पाहून झालं की तळवा त्याला टेकवून कपाळाला लावायचे. शेवटची काही वर्षं ते आमच्याजवळ जयपूरला, मुरलीपुऱ्यातल्या घरी होते. ते जाण्याआधी मी फोनवर त्यांचा दत्ताचा नामजप रेकॉर्ड करून घेतला होता. वीस मिनिटांचा तो जप पेनड्राइव्हवर घालून मी यंदाच्या श्रावणापासून रोज कारखान्यात जाताना गाडीत लावते. आवाज मोठा ठेवते. अण्णांचा स्वर मुळातच बारीक होता.

पहिल्या दिवसापासूनच त्या जपाखाली मला दुसरा आवाज ऐकू येऊ लागला. खालच्या पट्टीत एकसारखा हुंकार, कोणीतरी तोंड मिटून सूर धरावा तसा. सावकाश चालवलं की तो जवळजवळ नसे. गाडीने वेग घेतला की तोही चढे. आमच्या घराजवळच्या सर्कलमध्ये एक पिंपळ आहे, बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड. मोठ्या रस्त्याला लागायला त्या पिंपळाला उजवीकडे ठेवून पाऊण फेरी मारावी लागते. त्या फेरीत तो हुंकार भरून यायचा आणि रस्ता सरळ झाला की ओसरायचा. प्रदक्षिणेच्या वेळीच यावा, एरवी मागे राहावा! मी कोणाला बोलले नाही. पण काही दिवस मुद्दाम दोन-दोन फेऱ्या मारल्या, हे खरं आहे. अंगावर काटा यायचा आणि तो मला हवाहवासा वाटायचा.

दसऱ्यासाठी माझी मुलगी मुक्ता अजमेरहून आली. सातवा महिना होता, डोहाळेजेवणही करायचं होतं. दोघी बाजारातून परत येत होतो, जप चालू होता. ती एकदम म्हणाली, "आई, रेकॉर्डिंगच्या वेळी आजोबांच्या मागे कोणी बसलं होतं का? मतलब, खाली कोणीतरी सूर लावलाय."

"तुलाही येतो ऐकू?" मी विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी मात्र खूश झाले. आता साक्षीदार मिळाला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे अण्णांच्या हातोडीची पूजा होते आणि तिच्यासोबत गाडीची. मी चारही चाकांना हळदकुंकू लावलं, टायरखाली लिंबं ठेवली. डाव्या पुढच्या चाकाला कुंकू लावताना बोटाला काळं ग्रीस लागलं, ते पुसून टाकलं. कारखान्यात एखाद्या भागावर असं ग्रीस दिसलं असतं तर मी तो उघडायला लावला असता.

मुक्ताची तपासणीची तारीख आली तेव्हा तिला अजमेरला सोडायला मी निघाले. माझा नवराही रेल्वेतच आहे. म्हणाला, "ट्रेनने जा. मी बसवून देतो."

"सातव्या महिन्यात तिला त्या गर्दीत चढवू? पूजा झालेली गाडी आहे."

"पूजा झाली गं, पण पाहिली कोणी?"

मी गाडीची किल्ली उचलली.

अजमेर रस्त्याला लागलो तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले असतील. दोन्ही बाजूंनी ट्रक, ऊन पडलेलं, काचा बंद. बगरू गावाच्या अलीकडे अण्णांचा जप मध्येच थांबला. नाव अर्धं उच्चारलेलं होतं. स्क्रीनवरचे आकडे अकरा मिनिटांवर गोठले होते. दुसरा आवाज थांबला नाही. उलट आता तो मोकळा झाला आणि सगळ्या गाडीत भरला. पायाखालून, दारातून, सीटमधून येऊ लागला.

मुक्ताने पोटावर हात ठेवला. "आई, आजोबा थांबले. मग हा कोण आहे?"

खरं सांगते, त्या क्षणी मला भरून आलं होतं. वाटलं, आता तो एकटाच बोलतो आहे. माझा पाय ॲक्सिलरेटरवर आणखी दाबला गेला आणि आवाज आणखी चढला. तेवढ्यात मुक्ता वेगळ्याच स्वरात म्हणाली, "बाळ एकदम गप्प झालंय. आई, थांबव ना. प्लीज थांबव."

पुढे चहाची टपरी होती, तिथे गाडी घेतली. बाकावर पांढऱ्या फेट्याचा एक म्हातारा बसला होता. आम्ही उतरायच्या आत तो उठला. त्याच्या काठीला खाली लोखंडी टोपण होतं. मागच्या उजव्या चाकावर त्याने काठीचा एक ठोका मारला आणि मान कलती केली. मग मागचं डावं, एक. पुढचं उजवं, एक. पुढच्या डाव्यावर एक मारला, थांबला आणि दुसरा मारला. रबराचं चाक ठोक्याने वाजत नाही, हे मला कळतं. त्याने तळवा चाकाच्या मधोमध टेकवला, झटकन मागे घेतला आणि कपाळाला लावला.

मी दार उघडून उतरले. त्याला दरडावलं, "बाबा, क्या कर रहे हो?"

"बाईसा, यो पहियो अब कोनी चालै. हाथ लगाओ." हे चाक आता चालायचं नाही, असं तो सांगत होता.

मी हात लावला आणि चटका बसला. बाकीची तिन्ही चाकं कोमट होती. तेव्हा सगळं एका दमात कळलं. वेगाबरोबर चढणारा हुंकार. उजवीकडे वळलं की गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, म्हणून पिंपळाच्या फेरीत वाढणारा हुंकार. बोटाला लागलेलं ग्रीस. कारखान्यात नव्या मुलींना मी हेच शिकवते. माझा देव म्हणजे चाकातलं झिजलेलं बेअरिंग होतं.

टपरीवाल्याने जवळचा मेकॅनिक बोलावला. त्याने गाडी उचलून चाक वर-खाली हलवलं तर ते पडायला आलेल्या दातासारखं हललं. बेअरिंग काढून माझ्या तळहातावर ठेवलं. गोळ्या खरवडलेल्या, कडी उष्णतेने निळी पडलेली. तो म्हणाला, "मैडम, ये अजमेर नहीं पहुँचता. चलती गाड़ी में पहिया जाम होता या निकल जाता." मागे एकामागून एक ट्रक जात होते. मुक्ता बाकावर बसून बिस्किट खात होती. तिने पोटाकडे बोट दाखवलं आणि हसली. बाळाने लाथ मारली होती.

मी म्हाताऱ्याला विचारलं, कसं कळलं? तो म्हणाला, "आधे कोस से सुणै छो, बाईसा. आपके अंदर भजन चल रहा होगा." अर्ध्या कोसावरून त्याला चाक ऐकू येत होतं म्हणे. भजनाचं मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. त्याने चहा संपवला आणि शेताच्या बांधाने निघाला. अदृश्य वगैरे झाला नाही. पांढरा फेटा बराच वेळ दिसत होता.

त्या दिवशी पेनड्राइव्ह का थांबला ते सापडलं नाही. त्यानंतर तो एकदाही थांबलेला नाही. नवं बेअरिंग बसल्यावर दुसरा आवाज गेला आणि अण्णांचा जप पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आला. अकरा मिनिटांपाशी, जिथे तो थांबला होता तिथे, मागे दोन ठोके आहेत. ठक. ठक. रेकॉर्डिंगच्या वेळी कोणी दार वाजवलं असेल. असेलही. मला आठवत नाही. हुंकाराखाली ते इतके दिवस दबले होते.

मी यावर वाद घालत नाही. मला एवढंच समजलं की शरण जायचं तर आधी आपला आवाज बंद करावा लागतो, भक्तीचा असला तरी. मी दोन महिने त्याला काहीतरी ऐकवत होते, किंवा मला हवं ते त्याच्या तोंडी घालत होते. त्याला मला काय ऐकवायचं आहे, हे विचारायचं सुचलं नव्हतं.

मुक्ताला मुलगी झाली. परवा तिला गाडीत घेऊन दवाखान्यात गेलो. पिंपळाच्या सर्कलपाशी आता मी जप बंद करते, काच खाली घेते आणि ती पाऊण फेरी कान देऊन पुरी करते. अजून काही ऐकू आलेलं नाही. त्याबद्दलच रोज तळवा कपाळाला लावते.