अभ्यासाची राखण

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी मुलाने मला नातीच्या अभ्यासावर राखणीला बसवलं.

नात बी.एस्सी.ला. रसायनशास्त्राचा एक पेपर राहिलेला. या वेळी सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला घेणार नाहीत, असं मुलगा म्हणाला.

"मला इंग्रजी येत न्हाय. ती काय वाचते ते मला काय कळणार?"

"पानं उलटतेय का एवढंच बघ, आई. आणि मोबाईल तुझ्याकडे ठेव."

मी पानं बघत बसले. चौथ्या दिवशी पान हलेना.

"उलट की गं."

"आजी, तुम्ही मिठागरात मीठ काढल्यावर उरलेलं पाणी फेकायचात ना?"

"खाडीत सोडायचो. कडू असतं. राहिलं तर मीठ नासतं."

"कडू मॅग्नेशियममुळे. ते पाठ आहे मला. पण मीठ आधी धरतं आणि ते शेवटी का उरतं?"

"मला काय विचारतेस? कॉलेजात कोण जातं?"

बोलले खरी, पण मला बसवेना. लग्न होऊन गोडदेवला आले तेव्हापासून मिठाची आगरं बंद होईपर्यंत मी ते पाणी सोडलं. त्यात टाचा फुटल्या. का म्हणून कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सासऱ्यांनी फावडं हातात दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी नातीने मैत्रिणीकडून उत्तनच्या समुद्राचं पाणी मागवलं. दोन बाटल्या. आम्ही गच्चीवर पराती मांडल्या. आठ दिवस दुपारी तिथेच. मीठ धरलं की उरलेलं पाणी दुसऱ्या परातीत ओतायचं, पुन्हा वाळवायचं. शेवटच्या पाण्याचा थेंब मी जिभेवर ठेवला आणि थुंकले.

"हेच ते."

पोरगी नाचली. वहीत काहीबाही लिहीत सुटली. तिचं तोंड एवढं उजळलेलं मी परीक्षेच्या दिवसांत कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी मुलाने विचारलं, "अभ्यास झाला?" मी म्हटलं, "झाला." मला ते खोटं वाटलं नाही.

पेपरात त्यातलं काही आलं नाही. थोडक्या मार्कांनी पेपर गेला.

"तू तिथेच होतीस ना?" मुलगा म्हणाला.

"आठ दिवस गच्चीवर होतो. मीठ काढत होतो."

तो हसला. चांगलं हसला नाही. "तिचं वर्ष गेलं, आई. आणि तू मीठ काढत होतीस."

"तिला कळत होतं ते."

"कळून मार्क मिळतात का?"

आता सून ऑफिसमधून लवकर येऊन राखणीला बसते. तिला इंग्रजी वाचता येतं. खोलीचं दार बंद असतं. मी स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात. पोरीचं वर्ष गेलं त्याचं वाईट वाटतं. गच्चीवर गेलो त्याचं वाटत नाही. दोन्ही एका वेळी डोक्यात घेऊन मला स्वस्थ बसता येत नाही.

काल नात पाणी प्यायला बाहेर आली. दाराकडे बघत हळूच म्हणाली, "आजी, मीठ धरायच्या आधी पाणी लालसर दिसतं म्हणतात. खरं का गं?"

खरं होतं. मी किती वर्षं बघितलेलं.

"आधी पेपर सोडव," मी म्हटलं. ती पेला तसाच ठेवून आत गेली.