नदीपलीकडच्या पाट्या

साठीनंतर प्रथमच लिहितो आहे; हे धाडस वाचकांनी क्षम्य मानावे. विंडसर या सीमेवरच्या शहरात नदीकाठी एक तरुण मराठी गृहस्थ रोज भेटत. डोळ्यांचा नंबर आपोआप उतरावा म्हणून ते मुद्दाम कमी नंबरचा चष्मा लावत आणि पलीकडच्या डेट्रॉईटमधील इमारतींवरच्या पाट्या हनुवटी उंचावून मोठ्याने वाचत. "काका, तुमचा वाढतोय, माझा उतरतोय बघा," असे मला चिडवत.

काल समोरून मालवाहू जहाज गेले. मी सहज त्याचे नाव विचारले. डोळे बारीक करून ते बराच वेळ पाहत राहिले.

"त्या पाट्या पाठ झाल्यात हो," ते हळूच म्हणाले. मग घड्याळ पाहून, "लेकीला शाळेतून आणायचंय," म्हणत तोच चष्मा लावून गाडी चालवायला बसले. बर्फ पडू लागला होता. संकोचाने मी नुसता हात हलवून निरोप दिला.

त्यांच्याकडे गाडीची किल्ली मागणे उद्धटपणाचे ठरले असते का?