गाठी मारलेला लाल सदरा

महल्ल्यात, त्या कापडगिरण्यांच्या शहरात, तफीदाला कफन शिवणारी म्हणून ओळखत. तशी ती शाळेचे गणवेशही शिवायची, लग्नाचे झगे शिवायची, पण लोकांच्या लक्षात राहतं ते नको तेच. कफनाला ती लांब लांब टाके घाली आणि शेवटी दोरा तसाच मोकळा सोडी. मेलेल्याच्या कपड्याला गाठ मारायची नाही, गाठ जिवंत माणसाला, असं तिच्या आईने तिला सुई हातात देतानाच सांगितलं होतं.

तिची तीन मुलं पाळण्यातच गेली. चौथा जगला, तो शहाता. नवरा गिरणीच्या धुळीत खोकून खोकून गेला, तेव्हा शहाता मायक्रोबस चालवू लागला होता. बत्तिसाव्या वर्षी थांब्यावरच्या नंबरावरून त्याचं एका ड्रायव्हरशी वाजलं. लोकांनी सोडवलं, तिथेच मिटायला हवं होतं. शहाताने दोन सकाळी दबा धरला आणि तिसऱ्या सकाळी त्या माणसाला चाकूने मारलं. तफीदा कधीच म्हणाली नाही, की माझा मुलगा तसला नाही. चाकू तिच्याच स्वयंपाकघरातला होता. मेलेल्याची आई गुरुवारच्या बाजारात चीज विकायची. तफीदाने तो बाजारच सोडला.

"कागद मुफ्तींकडे पाठवा," असं न्यायाधीश म्हणाले तेव्हा कोर्टात कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही; धर्माधिकाऱ्याचं मत घ्यायला कागद जातात ते फक्त फाशीच्या आधी. ती होती तिथेच फरशीवर बसली. मुफ्तींकडून कागद परत आले, शिक्षा झाली, आणि तुरुंगातून निरोप आला : फाशीच्या कैद्याचे लाल कपडे आणून द्या, खिसा नको, नाडी नको.

लाल कापड तिने स्वतः आणलं, स्वतः बेतलं. प्रत्येक शिवणीला गाठ, गाठीवर गाठ. बगलेत, कॉलरला, बाहीच्या आत, जिथे शिंप्याला कधी गाठ सुचणार नाही तिथेही. हे कफन नाही, हे तिला कुणाला तरी ठणकावून सांगायचं होतं.

तेव्हापासून तिचं सगळं वर्ष भीतीने आखलेलं असे. सणाच्या दिवशी फाशी देत नाहीत, म्हणून ईदला ती पोटभर जेवे, शेजारणींशी हसे. ईद सरली की दारावरच्या प्रत्येक थापेला ती दचके. फाशी आधी कळवत नाहीत, नंतर प्रेत न्यायला बोलावतात, हे रांगेतल्या बायकांनी तिला सांगितलं होतं. वकील बिचारा सांगून दमला : "मावशी, वरच्या कोर्टाचा निकाल लागेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही." ती मान डोलवायची आणि एका शब्दावर विश्वास ठेवायची नाही.

त्या वर्षी मोठी ईद सरल्यावर चौथ्या दिवशी वकिलाचा फोन वाजू लागला. तारीख तर पुढच्या महिन्यात होती. तारखेआधी वकील फोन करतो तो काय चांगलं सांगायला? तिने फोन तांदळाच्या डब्यात खुपसला. तो दोन दिवस वाजला, मग त्याची बॅटरी संपली.

सोमवारी ती भात भरलेली कोबीची पानं घेऊन भेटीच्या रांगेत उभी राहिली. मागची बाई तिच्याकडे टक लावून बघत होती.

"शहाताची आई ना तुम्ही? लाल कपडे शिवता म्हणे."

"कुणासाठी?"

"माझ्या वजीहसाठी. मी रावया. परवा मुफ्तींकडून कागद आले."

"खांदे कसे आहेत?"

"कसले खांदे, काड्या नुसत्या. जेवतो कुठे!"

तेवढ्यात खिडकी उघडली. हवालदाराने शहाताचं नाव ऐकलं, आत गेला आणि वर्तमानपत्रात बांधलेलं गाठोडं पुढे सरकवलं. "हे न्या. इथे अंगठा करा."

कागदाच्या फटीतून लाल दिसलं.

तफीदा रांगेतच खाली बसली. तिने बसल्या बसल्या कागद फाडला आणि सदऱ्याच्या शिवणी चाचपू लागली. बगल, कॉलर, बाही. "गाठी आहेत," ती म्हणाली. "अगं, सगळ्या गाठी आहेत की! मग कसा नेला?" रावयाने हंबरडा फोडला, तिच्यामागे अख्ख्या रांगेने.

हवालदार खिडकीतून अर्धा बाहेर आला. "अहो, रडता काय! वकिलाने सांगितलं नाही? वरच्या कोर्टाने तारीख अलीकडे घेतली, जन्मठेप केली त्याला. आता निळे घालतो. लाल ठेवून मी काय लोणचं घालू?"

जन्मठेप म्हणजे पंचवीस वर्षं. दोन भरली होती. तो सुटेल तेव्हा तफीदा चौऱ्याऐंशीची असेल, म्हणजे बहुधा नसेलच. हे सगळं तिला नंतर सुचलं. त्या क्षणी तिला फक्त उचक्या लागल्या.

जाळीपलीकडे शहाता निळ्यात उभा होता, बाह्या आखूड. "आई, फोन का नाही उचललास?"

"तांदळात होता."

ती बाहेर आली तेव्हा रावया भिंतीपाशी थांबली होती. "शिवू नका आता," ती म्हणाली. "हाच द्या. ह्यातला माणूस वाचला."

तफीदाने गाठोडं छातीशी धरलं. ते घरात नकोच होतं, पण द्यायचीही भीती वाटली. हा दिला आणि कुठल्याशा कागदाने शहाताला पुन्हा लालात घातलं तर? दोन वर्षं त्याचा जीव ह्याच गाठींनी बांधून ठेवलाय, असं तिला खरोखर वाटत होतं. मग तिने रावयाकडे पाहिलं. ईद सरल्यावर तफीदा दारावरच्या थापेला दचके, तशी ती तुरुंगाचं दार वाजलं की दचकत होती.

"काड्या म्हणालात ना? खांदे आत घ्यावे लागतील."

दोघी भिंतीच्या सावलीत बसल्या. तफीदाने पिशवीतून सुई काढली. खांदा उसवायचा तर जुनी गाठ कापायला हवी होती. कात्री लावताना तिने डोळे मिटले आणि मुलाचं नाव घेतलं. कट्‌ झालं. तुरुंगाच्या दाराकडे तिने दोनदा वळून पाहिलं. कुणी तिला हाक मारत आलं नाही.

मग तिने नवी शिवण घातली, गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली. दोरा तोडायला ती दात लावणार, तोच रावयाने तिचं मनगट धरलं.

"मावशी, अजून एक."